चौंडीला कोटी, चौथीला पत्रा!

6 मे 2025 रोजी महाराष्ट्राचे अख्खे मंत्रिमंडळ जामखेड तालुक्यात उतरले. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीचे वर्ष, म्हणून त्यांच्या जन्मगावी चौंडीला बैठक. मंडप पडले, ताफ्यांनी धुरळा उडवला, स्मृतिस्थळाच्या जतन-संवर्धनासाठी 681 कोटी 32 लाखांचा आराखडा मंजूर झाला आणि मंत्री आल्या वाटेने परतले. त्या स्मारकावर आम्ही नाक मुरडणार नाही. ज्या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभ्या केल्या, अनोळखी वाटसरूच्या डोक्यावर छप्पर धरले, तिचे नाव तिच्या गावात मोठ्या अक्षरांत लिहिले गेलेच पाहिजे. आमचे भांडण वेगळे आहे. तिच्याच तालुक्यात, तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, चौथीतल्या पोराच्या डोक्यावर कसले छप्पर आहे, हे मान वर करून बघायला त्या ताफ्यातल्या कोणाला फुरसत झाली का?

मे महिना होता. शाळांना सुट्टी लागली होती. खोल्यांत पोरे नव्हती, गडबड नव्हती. जिल्हा परिषदेची पत्र्याची एखादी खोली उघडून, दुपारी दोन वाजता, सतरंजीवर मांडी घालून दहा मिनिटे बसून बघायला कोणी कोणाला अडवले नव्हते. दहाच मिनिटे! पोर तिथे दिवसाचे पाच तास बसते.

त्या दिवशी आणखी एक निर्णय झाला. धनगर समाजातल्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत सरकारी खर्चाने शिकवायचे. ज्या लेकरांना ही संधी मिळेल त्यांचे भले होवो. पण या निर्णयाचा अर्थ नीट वाचा. चांगली शाळा कशी असते, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. ती आपण स्वतः बांधायची असते, एवढेच ठाऊक नाही! स्वतःच्या घरात स्वयंपाक न करता लेकरांना शेजाऱ्याच्या पंगतीला धाडणाऱ्या बापाला गावात काय म्हणतात, ते आम्ही इथे छापत नाही.

आता महिनाभर मागे जाऊ. त्याच वर्षी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने फर्मान काढले की पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा साऱ्या राज्यात एकाच वेळी, 8 ते 25 एप्रिल या काळात घ्यायच्या. शिक्षक ओरडले, पालक ओरडले, मुख्याध्यापक ओरडले. ऐकतो कोण? जामखेडला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पारा चाळिशीला टेकतो, हे पुण्यातल्या कार्यालयात कळायला खिडकी उघडावी लागते, आणि वातानुकूलित कार्यालयाची खिडकी उघडत नाही. मग सकाळच्या शाळेची सोय काढली. म्हणजे उन्हाळ्यात पत्र्याखाली पोर बसू शकत नाही, हे कबूल! दुपारी खोली भट्टी होते, हेही कबूल! भट्टी बदलायची नाही, फक्त पोराला ती पेटायच्या आत बाहेर काढायचे, ही या सरकारची शैक्षणिक क्रांती.

हा भावनेचा प्रश्न नव्हे. इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठात पीटर बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 शाळांमधल्या 153 वर्गखोल्या आणि 3,766 मुले तपासली. 2015 साली निष्कर्ष छापले. वर्षभरात मुलांची जी प्रगती कमी-जास्त होते, तिच्यातला 16 टक्के फरक निव्वळ खोलीच्या घडणीमुळे पडतो. त्यातला निम्मा वाटा तीन गोष्टींचा: उजेड, हवा आणि तापमान. अमेरिकेत 2020 साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने लाखो विद्यार्थ्यांचे गुण आणि त्या-त्या गावचे तापमान शेजारी-शेजारी ठेवले. वर्ग थंड ठेवायची सोय नसेल तर शाळेचे वर्ष एका फॅरनहाइट अंशाने तापले तरी त्या वर्षीचे शिकणे साधारण एका टक्क्याने घटते, असे निघाले. तिथे एका अंशाचा हिशेब मांडतात. इथे चाळीस अंशांत पोराच्या हातात प्रश्नपत्रिका ठेवतात, आणि निकाल वाईट लागला की मास्तरला नोटीस काढतात.

उन्हाळा सरला की पत्र्याचा दुसरा अवतार सुरू होतो. पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की वर्गात कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. आमच्या लहानपणी आमचे गुरुजी अशा वेळी खडू हातात घेऊन फळ्यावर बेरजा लिहीत आणि खुर्चीत गप्प बसून राहत. बोलून उपयोग नसे. आम्हाला ती चैन वाटे. आज कळते की पावसाळ्यातले कितीतरी तास आमच्या शिक्षणातून असे वाहून गेले. न्यू यॉर्कमध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 साली नेमके हेच मोजले होते. रेल्वेच्या उन्नत मार्गालगत एक शाळा. एका बाजूच्या वर्गांवर दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला शांतता. खडखडाटाच्या बाजूची सहावीतली मुले वाचनात जवळजवळ वर्षभर मागे पडलेली निघाली. पुढे रुळांखाली रबर बसवले, छतांना आवाज शोषणारे थर दिले. नंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली. शाळा तीच होती, इमारतही तीच. बदलला होता तो आवाज. आमच्याकडे मात्र मूल मागे पडले की आधी त्याची अक्कल काढतात, मग त्याच्या आईबापाची, आणि शेवटी त्याची जात.

इथे एक पोपट नेहमी बोलतो. "आमच्या पिढीने झाडाखाली बसून शिक्षण घेतले, आम्ही नाही का मोठे झालो?" हे वाक्य सत्कार समारंभात हमखास टाळ्या घेते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेऊन ते आणखी वजनदार करतात. अहो, झाड तापत नाही! झाडाखाली चारी बाजूंनी वारा असतो, उजेड असतो, आणि झाड अंगावर कोसळेल अशी धाकधूक नसते. वडाच्या सावलीची बरोबरी पत्र्याच्या खोलीशी करणाऱ्याने एक तर वड पाहिला नसावा, नाहीतर खोली. आणि भाऊरावांनी वड हे आपल्या संस्थेचे बोधचिन्ह केले ते रयतेच्या पोराला सावली मिळावी म्हणून, सरकारला शाळा न बांधायची सबब मिळावी म्हणून नव्हे.

अंगावर कोसळण्याची धाकधूक, हे शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. जामखेडहून नगरला जाणाऱ्या एसटीत बसा. नगर जवळ आले की निंबोडी लागते. 28 ऑगस्ट 2017, सोमवार. जोराचा पाऊस. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत वर्ग भरलेला होता आणि छत पोरांच्या अंगावर आले. तीन विद्यार्थी गेले. कितीतरी जखमी झाले. त्या दिवशी सकाळी ज्या आईने डोक्याला तेल चोपडून, भांग पाडून पोराला शाळेत धाडले, तिने संध्याकाळी ढिगाऱ्याकडे धाव घेतली.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण. हे सारे पुरे करायला तीन वर्षांची मुदत दिली होती. ती 31 मार्च 2013 रोजी संपली. निंबोडीचे छत त्यानंतर सव्वाचार वर्षांहून अधिक काळाने पडले. मग पळापळ. जिल्हाभर खोल्यांची तपासणी, धोकादायक खोल्यांच्या याद्या, पाडापाडी. तीन जीव गेल्यावर सरकारला आपल्याच खोल्यांची भिंत हलते का, हे बघावेसे वाटले!

सरकारी दप्तरात एक शब्द आहे: निर्लेखन. पडायला आलेली खोली कागदावरून पुसून टाकणे म्हणजे निर्लेखन. मुख्याध्यापक प्रस्ताव लिहितो. तो केंद्रप्रमुखाकडे जातो, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, मग बांधकाम विभागाकडे. उपअभियंता येऊन बघून गेला तर नशीब. मग जिल्हा परिषद, मग मान्यता, मग पाडायचा खर्च कोणी करायचा यावर पत्रव्यवहार. खोली पाडली तरी नवी मिळेल याची हमी नाही. नव्या खोलीला वेगळे अंदाजपत्रक, वेगळी प्रशासकीय मान्यता, वेगळी तांत्रिक मान्यता, आणि जिल्हा नियोजनाच्या पैशात तिचा नंबर रस्ते, सभामंडप आणि हायमास्ट दिव्यांच्या मागे. म्हणून कितीतरी मुख्याध्यापक मनातल्या मनात हिशेब करतात: पडकी का होईना, खोली आहे, निर्लेखित झाली तर तीही जाईल. मग तिच्यात पोषण आहाराचा तांदूळ ठेवतात आणि दोन इयत्ता एका खोलीत कोंबतात. पहिलीची अ आ इ ई आणि चौथीचा भागाकार एका फळ्यावर, मध्ये खडूची उभी रेघ. ही रेघ म्हणजे आमच्या शिक्षण खात्याची दोन खोल्यांमधली भिंत!

आणि हे विचारायचे कोणाला? जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. निवडणुका लटकल्या आणि प्रशासक बसले. सदस्य असते तर निदान आपल्या गटातल्या शाळेसाठी सभागृहात आरडाओरडा तरी केला असता, भले अर्धा टाळ्यांसाठी असेल. प्रशासकाला मत मागायला गावात यावे लागत नाही. दुसरीकडे या तालुक्याच्या राजकीय वजनाचे काय सांगावे! विधान परिषदेचे सभापती चौंडीचे. इथली विधानसभेची लढत साऱ्या महाराष्ट्राने डोळे लावून पाहिली. 2024 ची लढत तर दीड हजाराच्या आतल्या मतांनी निकालात निघाली. एवढे वजन असलेल्या तालुक्यातल्या पोराने पत्र्याखाली का बसावे? दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना आम्ही हा प्रश्न करतो, आणि एकमेकांकडे बोट दाखवायची मुभा दोघांनाही देत नाही.

या सगळ्यावर सरकारचा उतारा कोणता? स्पर्धा! 2024 च्या सुरुवातीला "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियान निघाले. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख. ज्याचे घर आधीच बरे त्याला बक्षीस, आणि ज्याचे गळते त्याला पुढच्या वर्षी पुन्हा भाग घ्यायचे निमंत्रण. त्याच्या आदल्या वर्षी शाळा दत्तक द्यायची योजना काढली होती. कंपनीने पैसे द्यावेत आणि शाळेला नाव जोडावे. सरकार जिवंत असताना पोरे दत्तक का द्यावी लागतात? त्याच सुमारास वीसहून कमी पटाच्या 14,783 शाळांची यादी करून त्या समूह शाळांत गोळा करायचा घाट घातला. वाडीवरची शाळा बंद करून चार मैलांवरच्या शाळेची बस दाखवायची. बस येईल तेव्हा येईल, शाळा मात्र आज जाईल.

मग गुरुजी काय करतो? लोकवर्गणी काढतो. रंगाचे डबे आणतो. भिंतीवर पाढे, नकाशा, मोर, रेल्वेचा डबा. याला "बोलक्या भिंती" म्हणतात. त्या गुरुजींच्या हौसेला आमचा नमस्कार, पदरमोड करणारे असे शेकडो आहेत. पण भिंत खरोखर बोलली तर पहिले वाक्य काय बोलेल, हे साहेबांनी एकदा कानात तेल घालून ऐकावे. वर्गणीतून टीव्ही आला की शाळा "डिजिटल" झाल्याचा फलक लागतो. वीजबिल थकते, जोडणी तुटते, आणि टीव्हीवर पोषण आहाराच्या वाट्या वाळत पडतात. फोटो मात्र पोर्टलवर चढलेला असतो.

इथवर आम्ही पत्र्याबद्दल बोललो. पण वर्ग नुसता पत्र्याने तापत नाही.

खर्डा याच तालुक्यात आहे. 11 मार्च 1795 रोजी मराठ्यांनी निजामाला तिथे हरवले, हे आम्ही पाठ्यपुस्तकात छाती फुगवून शिकवतो. त्याच खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढाच त्याचा गुन्हा होता आणि मारहाण शाळेच्या आवारातूनच सुरू झाली, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. खटला चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयाचा निकाल न्यायालयाचा. पण पोर मेले हे तर खरे आहे ना? मग त्याला कोणी मारले? गाव गप्प. या जिल्ह्यात 2017 साली, तीन महिन्यांच्या अंतराने, दोन गोष्टी घडल्या: ऑगस्टमध्ये निंबोडीचे छत पडले, नोव्हेंबरमध्ये खर्ड्याचा खटला पडला. पहिल्या पडझडीची निदान यादी झाली. दुसरीची यादी कोण करणार? ज्या बाकावर ते पोर बसत होते, त्याच्या मागच्या बाकावरच्या पोरांनी त्या दिवसापासून काय शिकले असेल? मान खाली घालायला. उत्तर येत असूनही हात वर न करायला. कोणत्या रांगेत बसायचे, पाण्याच्या टाकीपाशी कोणाआधी जायचे नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय पाठ झाले असेल. कायद्याच्या कलम 17 ने वर्गात छडी आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. पण छडी हातात न धरता मारणारा मास्तर या देशात फार जुना आहे, आणि तो नेहमी शाळेच्या नोकरीत असतोच असे नाही.

भ्यालेल्या डोक्यात अक्षर शिरत नाही. छताला भ्यालेले असो, छडीला असो की जातीला असो.

आणि गंमत अशी की हे जगाला शिकवणारे गाव दुसरे कोणते नाही, खुद्द जामखेड आहे! 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे इथे आले. त्यांनी खेड्यातल्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना गावाने पाटीला हात लावू दिला नव्हता, त्यांना आरोग्यसेविका करायचे होते. कसे केले? त्यांना आधी माणूस म्हणून बसवले. साऱ्या जातींच्या बाया गोल करून शेजारी-शेजारी, एका पंगतीत जेवण, एका छताखाली मुक्काम. शिकवणाऱ्याने खुर्चीवर बसायचे नाही. चुकले तर कोणी हसायचे नाही. गाणी, गप्पा, बाहुल्या, हाताने करून बघणे. ज्या बाईला पहिल्या आठवड्यात स्वतःचे नाव मोठ्याने सांगता येत नव्हते, ती पुढे बाळंतपणे करू लागली, पोरांची वजने घेऊन कुपोषण ओळखू लागली. त्या पट्ट्यात 1971 च्या सुमारास हजार जन्मांमागे 176 बालके दगावत. नव्वदीच्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला. 1979 साली दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून डॉक्टर आणि विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात. माणसाला कुठे आणि कसे बसवता यावर तो किती शिकेल हे ठरते, याचा इतका धडधडीत पुरावा दुसरीकडे शोधूनही सापडायचा नाही. आणि त्याच जामखेड तालुक्यात, चौंडीपर्यंत येऊन मंत्र्यांचे ताफे परतले!

दिवाळी झाली की इथल्या वर्गांतला पट आपोआप गळतो. आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या पट्ट्यात निघतात, पोर बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर. हंगामी वसतिगृहाचे पैसे येतात तेव्हा अर्धा हंगाम उलटलेला असतो. मार्चमध्ये ते पोर परत येते, पुन्हा त्या पत्र्याखाली बसते, आणि एप्रिलमध्ये आपण त्याची परीक्षा घेतो. कोणाची परीक्षा आहे ही?

1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण वरच्यांचे. 140 वर्षे उलटून गेली. ऊसतोड्याचा घाम अजून तिकडेच जातो आहे.

पालकांनो, आता तुमच्याशी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य तुमच्यातले असतात. ती समिती झेंडावंदनाच्या दिवशी चहा प्यायला नाही. येत्या सभेत एकच विषय घ्या: आपल्या शाळेतल्या धोकादायक खोलीचा निर्लेखनाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला आणि आज कोणाच्या टेबलावर आहे. उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांत माहितीचा अधिकार वापरा, तीस दिवसांत लेखी उत्तर मागा. ग्रामसभेत सभामंडपाचा ठराव आला तर विचारा, आधी शाळेचा का नाही. शाळेत कोण कुठल्या रांगेत बसते, तेही एकदा जाऊन बघा.

आणि गुरुजी, एक विनंती तुम्हालाही. शंभर-दीडशे रुपयांचा तापमापक आणून वर्गाच्या भिंतीला टांगा. फळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही रोज पट, हजर आणि गैरहजर लिहिता. उद्यापासून त्याच्याखाली दुपारी दोन वाजताचे तापमान लिहा, आणि महिन्याच्या शेवटी त्या आकड्यांचा कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांना रीतसर सादर करून पोच घ्या.